मिस्त्रींची सरपणाची भिंत

...आणि मग मिस्त्रींनी खिशातून ओळंबा काढला, दोरी वरच्या थराला बोटाने दाबून धरली आणि खालचं वजन अलगद सोडून दिलं. दोरी भिंतीच्या अंगाला अंग लावून सरळ जमिनीपर्यंत उतरली. इकडे नाही, तिकडे नाही. शेजारचे ड्रायव्हर कुंपणापलीकडे चहाचा कप घेऊन उभे होते, ते कप तोंडाला लावायचं विसरले. कारण भिंत विटांची नव्हती, दगडांचीही नव्हती. सरपणाची होती. जळाऊ लाकडांचा ढीग जगात कुठेही गेलं तरी ढिगासारखाच दिसतो, पण मिस्त्रींच्या मागच्या अंगणात तो काटकोनात उभा होता.

कालची गोष्ट इथपर्यंत आली होती. काल जे नव्हते त्यांनी एवढंच लक्षात घ्यावं की मिस्त्री म्हणजे उभा जन्म भिंती बांधण्यात घालवलेला गवंडी. भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन बांधून सोडतात तो ओळंबा त्यांच्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्यासारखा कायम असायचा. लग्नाचं विचारायला पहिल्यांदा सासऱ्यांच्या घरी गेले, तेव्हाही होता. सासरे आतून पाणी आणेपर्यंत या गृहस्थांनी खोलीचा कोपरा मापून ठेवला, आणि पाण्याचा घोट घेण्याआधी सांगितलं की तुमची ही भिंत बाहेर झुकलेली आहे. सासऱ्यांनी मुलगी दिली, पण भिंतीबद्दलचं बोलणं शेवटपर्यंत विसरले नाहीत. जावई आला की ते खुर्ची मुद्दाम त्या कोपऱ्यात टाकायचे.

तर असा हा माणूस. गुडघे बोलायला लागले तसे परांचीवरून खाली उतरले आणि घरी बसले. बसले म्हणजे काय, बसवेना. घरातल्या सगळ्या फटी बुजवून झाल्या, पायऱ्या नव्याने बांधून झाल्या, शेजाऱ्याच्या फाटकाचा खांब त्याला न विचारता सरळ करून झाला. मग नजर गेली शेगडीवर. पुढच्या खोलीत एक ओतीव लोखंडाची शेगडी होती, पुढे काचेचं दार, मागून वर छपरातून बाहेर गेलेलं पत्र्याचं धुराडं. हिवाळाभर घर तिच्यावर तगून असायचं. इतकी वर्षं वखारवाला फोडलेली, वाळलेली लाकडं गाडीने आणून टाकायचा. मिस्त्री म्हणाले, आपले दोन हात काय नुसते चहाचा कप धरायला आहेत का? रस्ता रुंद करायला झाडं तोडली होती, त्यांचे ओले ओंडके वखारीत आलेलेच होते. मिस्त्रींनी गाडीभर ओंडके सांगितले. त्यांचं बघून ड्रायव्हरांनीही अर्धी गाडी सांगितली. हे ड्रायव्हर म्हणजे जन्मभर बस चालवून आता स्वतः कुठेही न जाणारा माणूस.

पहिल्या दिवशी कुऱ्हाड ओंडक्यात अशी रुतून बसली की ओंडका कुऱ्हाडीसकट उचलावा लागला. ड्रायव्हर कुंपणावरून म्हणाले, "मिस्त्री, कुऱ्हाडीला म्यान बरं मिळालं हो." मिस्त्रींनी ओंडका आडवा पाडला आणि त्याच्यासमोर उकिडवे बसून त्याचा तोंडवळा न्याहाळत राहिले, दगड फोडण्याआधी दगडाची शीर शोधतात तसे. मग त्यांच्या लक्षात आलं की मोठा ओंडका मधोमध गाठायचा नसतो. कडेकडेने फोडी सोडवत आत जायचं. गाठ असेल तिथे तिच्या नादाला लागायचं नाही, पाचर ठेवून वरून घण घालायचा आणि लाकडालाच ठरवू द्यायचं. दोन-चार दिवसांत हात बसला. नंतर तर ठाप, ठाप असा तालात आवाज यायचा आणि दोन्हीकडे फोडी अशा पडायच्या की बघत राहावं. कापलेल्या लाकडाचा ओला, गोडसर वास गल्लीभर पसरला.

फोडून झालं. आता रचायचं. इथे मिस्त्रींच्या अंगात जे संचारलं ते आधी कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी जाडीप्रमाणे फोडींच्या राशी केल्या. दोरी बांधून रेघ धरली. खालच्या थराच्या सांध्यावर वरची फोड मधोमध येईल अशी एकेक बसवली, विटेवर वीट चढवतात तशीच. कोपरे एकमेकांत गुंतवले. आणि फोड म्हटली की वेडीवाकडी असणारच, फट राहणारच. दगडाच्या भिंतीत फट राहिली की गवंडी तिच्यात छोटी चीप ठोकून बसवतो. मिस्त्रींनी ढलप्या घेतल्या आणि फट दिसली की ढलपी, फट दिसली की ढलपी, असं करत करत भिंतीत मुंगीलाही शिरताना अंग चोरावं लागेल असं काम केलं.

आणि शेवटी ताडपत्री. नव्या भिंतीला ऊन-वारा लागू द्यायचा नसतो, गोणपाट गुंडाळून ओली ठेवली की ती पक्की होते, हे तर त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. त्यांनी ताडपत्री वरपासून जमिनीपर्यंत चारी बाजूंनी लपेटली आणि खाली विटा ठेवून पक्की केली. वरून पाणी मारलं नाही, एवढीच मेहरबानी.

लोक बघायला येऊ लागले, हे खरं. टपालवाला आला, पलीकडच्या गल्लीतले शिंपी आले, मीटर बघायला आलेला माणूस मीटर विसरला. मिस्त्री ताडपत्रीचं एक टोक धरून असे वर सारायचे की नाटकाचा पडदाच. मग ओळंबा. मग लोकांचं "वा!" त्या दिवसांत मिस्त्री जेवायला बसले तरी खिडकीतून तिकडे बघत जेवायचे.

त्यांची बायको, मिस्त्रीणबाई, हे सगळं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात त्यांची नोकरी झालेली. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळं त्यांच्या हातून धुऊन वाळून निघायचं. सोड्याच्या वाफेने छाती मात्र कायमची कमकुवत झाली होती. ज्या दिवशी ताडपत्री चढली त्या दिवशी त्यांनी बोलायला तोंड उघडलं होतं, हे मिस्त्रींना पुढे फार आठवलं. पण तेवढ्यात टपालवाला "वा मिस्त्री!" म्हणाला, आणि बाई चहा ठेवायला वळल्या.

मग आला हिवाळा. मिस्त्रींनी मोठ्या थाटात भिंतीच्या एका टोकाचा वरचा थर उतरवला, शेगडीत लाकडं रचली आणि काडी लावली. कागद जळला, काटक्या जळल्या, आणि लाकडं नुसती चिडल्यासारखी सूं सूं करत बसली. त्यांच्या टोकांतून फेस आला. काचेवर बघता बघता काळा पडदा चढला, खोलीत धूर कोंडला आणि बाईंना खोकल्याची उबळ आली ती थांबेना. दार उघडावं तर थंडी आत, लावावं तर धूर आत.

पुढचे कितीतरी दिवस मिस्त्री शेगडीशी झुंजले. शेगडीच्या दाराला हवा अडवायला लावलेली दोरी बदलली. धुराडं उतरवून साफ केलं. आत डांबरासारखा काळा चिकट थर, खरवडता खरवडता बोटं काळी. परत लावलं, परत तेच. त्यांनी शेगडीला दोष दिला, मग धुराड्याला, मग हवेला. सगळ्यांना देऊन झाला तेव्हा वखारवाल्याकडे जाऊन भांडले की तुम्ही मला पाणी पिणारं झाड दिलंत. वखारवाला शांतपणे म्हणाला, "त्याच झाडांची अर्धी गाडी तुमच्या ड्रायव्हरांकडे गेली, मिस्त्री. त्यांचं काही म्हणणं नाही."

हे ऐकून मिस्त्रींच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, कारण ड्रायव्हरांचं सरपण सगळ्या गल्लीला माहीत होतं. फोडलं आणि जिथे पडलं तिथे राहिलं. वर पत्र्याचा एक तुकडा भिरकावलेला, तोही तिरपा. भटकी मांजरं त्या ढिगात एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने निघायची. आणि त्यांच्या धुराड्यातून मात्र धूर दिसतसुद्धा नव्हता, नुसती वरची हवा थरथरायची. मिस्त्री म्हणाले, नशीब एकेकाचं.

बाईंचा खोकला ऐकून ड्रायव्हरांनी एका सकाळी टोपलीभर लाकडं आणून दारात ठेवली. मिस्त्रींनी टोपली उचलली आणि जशीच्या तशी त्यांच्या पायरीवर परत नेऊन ठेवली. तोंडाने आभार मानले, पण टोपली परत नेली. घरात आले तेव्हा बाई भिंतीला हात लावून उभ्या राहून खोकत होत्या. त्यांनी दारातून सगळं पाहिलं होतं.

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं की धूर बंद, नाहीतर इस्पितळ. लेक शहरातून गाडी घेऊन आली. मिस्त्रींची ही एकुलती एक लेक बापावर गेलेली. बोलणं सरळ रेषेत. तिने आईची पिशवी भरली, शाल गुंडाळली, आईला गाडीत बसवलं आणि मग एकटी परत दारात आली.

"बाबा, या हिवाळ्याचं काय ते झालं," ती म्हणाली. "पुढच्या थंडीच्या तोंडावर मी परत येईन. शेगडी अशीच धुमसत असली तर आईला नेईन, आणि मग ती माझ्याकडेच राहील. कायमची. तुम्हालाही खोली आहे. पण तुम्ही यायचे नाही, ते मला माहीत आहे."

ती खरं बोलत होती. चौथ्या मजल्यावरच्या, न उघडणाऱ्या खिडक्यांच्या घरात मिस्त्री राहूच शकले नसते. आणि बाईंना तिथे काय वाटत होतं ते फोनवर कळायचं. लेकीचं घर उबदार होतं, खोकला थांबला होता, पण कपडे वाळवायचं यंत्र होतं तिथे. बाई एकदा फोनवर म्हणाल्या, "अहो, कपडे गरम निघतात, पण त्यांना वासच येत नाही कशाचा." फोन ठेवून मिस्त्री विझलेल्या शेगडीसमोर कोट घालून बसून राहिले. इतक्या वर्षांत ते घर इतकं शांत कधी झालं नव्हतं, आणि ती शांतता ओळंब्याने मापता येण्यातली नव्हती.

थंडी सरली, बाई परत आल्या. आल्या त्या पहिल्या उन्हाच्या सकाळी त्यांनी घरातल्या सगळ्या चादरी धुवायला काढल्या. मागच्या अंगणाच्या वरच्या बाजूला, जिथे वारा सरळ वाहतो, तिथे त्यांच्या दोऱ्या बांधलेल्या होत्या. मिस्त्री मदतीला गेले. आता हे प्रेम म्हणायचं की धाक, ज्याचं त्याने ठरवावं. चिमट्यांची पिशवी गळ्यात अडकवून निघाले खरे. त्यांनी एक चादर घेतली, दोरीवर बरोबर मधोमध टाकली, दोन्ही पदरांच्या कडा एकमेकींवर जुळवल्या, सुरकुती काढली, आणि कडेला कड लावून चिमटे मारले. मागे सरून बघितलं. सरळ होती.

बाई आल्या आणि त्यांनी चिमटे काढले.

"अहो, ही चादर आहे, भिंत नाही," त्या म्हणाल्या. "पदराला पदर चिकटवून ठेवलात तर आतून वारा जाणार कुठून? संध्याकाळपर्यंत वरून कोरडी दिसेल आणि आत ओलीच राहील. वासही मारेल."

त्यांनी एक पदर पुढच्या दोरीवर ओढून घेतला. चादरीच्या पोटात वारा शिरला, ती फुगली. मिस्त्री चिमटा हातात धरून तसेच उभे राहिले. त्यांची मान हळूहळू वळली आणि ताडपत्रीत लपेटलेल्या त्या भिंतीवर जाऊन थांबली.

"तुला माहीत होतं," मिस्त्री म्हणाले.

"ओलं कसं वाळतं एवढं तरी मला माहीत असणारच की. धुलाईखान्यात जन्म गेला माझा."

"मग बोलली का नाहीस? खोकून खोकून तुझी बरगडी दुखायची. तेव्हा तरी बोलायचंस."

बाईंनी पुढची चादर झटकली. "तुम्ही एवढ्या भिंती बांधल्यात," त्या म्हणाल्या, "पण एक दिसते का कुठे? सगळ्यांवर गिलावा झाला, वर रंग झाला. लोक म्हणाले, रंग छान आहे. ही एकच भिंत बिनगिलाव्याची राहिली होती. टपालवाला वा म्हणाला तेव्हा तुमचा चेहरा मी खिडकीतून बघितला. मला वाटलं, खोकला काय, येतो आणि जातो."

मिस्त्रींनी चिमटा पिशवीत टाकला, परत काढला, परत टाकला. मग ते वळले आणि ताडपत्रीवरच्या विटा उचलायला लागले.

ताडपत्री निघाली तेव्हा आतून कुबट वास आला. बाहेरच्या फोडी बऱ्या होत्या, पण आतल्या बाजूला पांढरी बुरशी कापसासारखी धरलेली, खालच्या थरावर छत्र्या उगवलेल्या, आणि चिपा म्हणून ठोकलेल्या ढलप्या भिजलेल्या बिस्किटासारख्या मऊ. फोड उचलावी तर दगडासारखी जड. मिस्त्री एकेक थर उतरवत गेले. तोडणाऱ्यांनी त्यांच्या किती भिंती पाडल्या असतील, रस्त्यासाठी, दुकानांसाठी. त्या त्यांनी लांबून पाहिल्या होत्या. स्वतःच्या हाताने पाडण्याची ही पहिली वेळ. ड्रायव्हर कुंपणाशी आले, बघितलं, आणि फाटकातून आत येऊन फोडी वाहायला लागले. हात चालता चालता मिस्त्री त्यांना म्हणाले की तुमची ती टोपली मी परत आणून ठेवायला नको होती. ड्रायव्हर म्हणाले की टोपली कसली, ती आमच्या घरातली नव्हतीच, वखारवाल्याची होती. विषय तिथेच मिटला.

सडलेल्या फोडी बाजूला गेल्या. उरलेल्या कुठे लावायच्या? बाईंनी आपल्या दोऱ्यांपैकी अर्ध्या सोडल्या आणि ती जागा दाखवली. म्हणाल्या, कपडे वाळतात तिथे लाकडंही वाळतील, त्यांना काय कळतंय आपण कोण आहोत ते. जमिनीवर आधी दोन लांब वासे टाकायचे, म्हणजे खालून वारा. एकच रांग, दुहेरी नाही. फोडीला फोड टेकेल पण चिकटणार नाही. साल वरच्या बाजूला, पाऊस आला तर वरून ओघळून जाईल. झाकण फक्त डोक्यावर; अंग उघडं.

ऐकायला सोपं होतं. पण मिस्त्रींचा हात ऐकेना. फट ठेवायला जावं तर हात आपोआप ती बुजवणारी फोड शोधायचा. सकाळभर रचून ते चहाला आत जायचे तेव्हा रांग परत घट्ट झालेली असायची, आणि चहा घेऊन येतात तोवर बाईंनी मधल्या मधल्या फोडी ओढून काढलेल्या असायच्या. मिस्त्री म्हणायचे, अगं, पडेल ती. बाई म्हणायच्या, पडू दे, परत लावू. आणि ती पडलीच. एका पावसाच्या झडीत रांगेचं एक टोक सरकलं आणि अर्धी रांग अंगणात लोळली. ड्रायव्हर छत्री घेऊन बघायला आले. "मिस्त्री, प्यायला कधीपासून लागलात?" त्यांनी विचारलं. मिस्त्रींनी भर पावसात इतकं मनापासून हसून घेतलं की बाई दारात आल्या. मग तिघांनी मिळून टोकाला फोडी आडव्या-उभ्या रचून खांबासारखा आधार केला. त्या खांबातसुद्धा फटी होत्या.

आणि मग मिस्त्रींचा एक नवाच खेळ सुरू झाला. भेगेसारखं वाईट गवंड्याला दुसरं काही नाही. नव्या भिंतीत केसाएवढी भेग दिसली तरी त्यांची झोप उडायची. मालकाआधी आपल्याला दिसावी म्हणून डोळ्यांत तेल घालून शोधायची त्यांना सवय. आता बाईंनी सांगितलं की वाळलेल्या लाकडाच्या टोकाला मधून बाहेर किरणांसारख्या भेगा पडतात, वखारीतल्या लाकडांना नेहमी असायच्या, आठवून बघा. तेव्हापासून मिस्त्री रोज सकाळी चष्मा लावून रांगेसमोर वाकून भेगा शोधायचे. आज नाही. आज नाही. उन्हाळा तापला, आणि एका दुपारी त्यांनी बाईंना हाक मारली ती अशी की बाई कणकेच्या हातांनी धावत बाहेर आल्या, वाटलं पाय मोडला. मिस्त्री एका फोडीकडे बोट दाखवत उभे होते.

"भेग पडली," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा नातवंड झाल्यासारखा होता.

त्यानंतर भेगा पडू लागल्या त्या सगळीकडे. साली सुटून पडल्या. लाकडाचा ओला रंग उडून राखाडी झाला. मिस्त्री येता जाता दोन फोडी उचलून एकमेकींवर वाजवायचे. आधी थप्प असा आवाज यायचा, ओल्या मातीवर थापी मारावी तसा. दिवस गेले तसा तो बदलत गेला, आणि हवेत पहिला गारवा आला तेव्हा दोन फोडी टण्ण वाजल्या. मिस्त्रींनी त्या पुन्हा वाजवल्या. मग ड्रायव्हरांच्या कुंपणाशी जाऊन वाजवल्या. ड्रायव्हर म्हणाले, बसची घंटा बरी वाजवता, सोडा गाडी आता.

पण आवाज म्हणजे ऊब नव्हे. थंडीच्या तोंडावर लेक बोलल्याप्रमाणे आली. गाडी दारात लावली, आणि आत येताना आईसाठी आणलेली मोठी रिकामी पिशवी तिने दाराशी ठेवली. ती पिशवी मिस्त्रींना खोलीत दुसरं काही दिसूच देईना. त्यांनी शेगडीत काटक्या ठेवल्या, वर फोडी ठेवल्या, सवयीने त्यांची तोंडं जुळवली आणि मग बोटाने एकेक बाजूला सारून मध्ये जागा केली. बाई शेगडीसमोरच्या खुर्चीत बसल्या, मुद्दाम जवळ, आणि लेकीकडे न बघता म्हणाल्या, "लावा."

काटक्या पेटल्या. मग एक क्षण काहीच नाही. मग फोडीच्या भेगेतून एक जीभ आत शिरली, दुसऱ्या भेगेतून बाहेर आली, आणि शेगडीने घशातून हुंकार दिला. फेस नाही, सूं सूं नाही. काच स्वच्छ. पिवळा जाळ काचेमागे नाचत होता आणि बाईंच्या तोंडावर पडत होता. लेक आईच्या छातीकडे बघत उभी होती. बाई श्वास घेत होत्या, सोडत होत्या. चहा झाला, दुसऱ्यांदा लाकडं घातली, खोलीत सगळ्यांनी कोट काढले. खोकला आला नाही.

लेक उठून बाहेर गेली. रस्त्यावर उभी राहून तिने धुराड्याकडे पाहिलं. धूर नव्हता, नुसती हवा थरथरत होती. ती परत आली, दाराशी ठेवलेली रिकामी पिशवी उचलली, तिची घडी केली आणि आईच्या मांडीवर ठेवली. म्हणाली, भाजीला होईल तुला. बाईंनी ती घडी हाताने सपाट केली, आणि मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला.

मग लेक मागच्या अंगणात गेली, बापही मागोमाग. मागच्या वर्षीची ती काटकोनातली भिंत तिने पाहिली होती. ओळंबा लावून दाखवलेला होता तिला. आता तिथे काही नव्हतं. वरच्या बाजूला, दोऱ्यांच्या शेजारी, एक लांबलचक ओबडधोबड रांग उभी होती, मध्ये थोडी पोक काढलेली, जिकडे तिकडे फटी. त्या फटींतून संध्याकाळचं ऊन आरपार येत होतं. पलीकडे कुंपण दिसत होतं, आणि कुंपणापलीकडे चहाचा कप घेऊन उभे असलेले ड्रायव्हरसुद्धा. त्यांनी लाकडांतूनच लेकीला कप उंचावून दाखवला.

लेकीने बापाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्याच्या हाताखाली सूतभर वाकडं कधी गेलं नाही, त्या माणसाकडे. तिने विचारलं, "बाबा, ही तुम्ही रचलीत?"

मिस्त्रींनी खिशात हात घातला. ओळंबा होता तिथेच. तो त्यांनी बाहेर काढला नाही.

"छे गं. ही तुझ्या आईने वाळत घातली आहे. मी नुसते चिमटे लावलेत."